जिल्ह्याला पाठवलेलं पाकीट

मी नोकरीला लागले त्या साली पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिला होता. माझं गाव बिलोलीच्या बाजूचं, नांदेड जिल्ह्यातलं. नोकरी मिळाली ती रेणापूरजवळच्या एका गावातल्या हायस्कुलात, कनिष्ठ लिपिक म्हणून. आमच्या घरातून कचेरीच्या खुर्चीवर बसणारी मी पहिलीच. वडील एसटीनं सोडायला आले, हेडमास्तरांना हात जोडून जयभीम म्हणाले आणि मिळेल त्या गाडीनं परत फिरले. त्यांना माझी खुर्ची बघायची होती. मी उठून ती दाखवली, तर म्हणाले, "तू बस, बस. मला बसलेली बघू दे."

गावात खोली मिळेना. आडनाव सांगितलं की रिकामी खोली त्याच घटकेला भरलेली निघायची. पहिला आठवडा मी लातूरला लांबच्या नात्यातल्या मावशीकडं राहून ये-जा केली. मग एके दिवशी विज्ञान शिकवणाऱ्या बाई कचेरीत आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माझ्या खोलीत ये राहायला. घरमालकीण काय म्हणायचं ते मला म्हणंल."

त्या उदगीरकडच्या, शेतकरी घरातल्या, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. शाळेत मी त्यांना बाई म्हणायची, खोलीवर ताई. मी राहायला गेले त्या दिवशी घरमालकिणीनं माझ्यासाठी एक वेगळी घागर दाराशी आणून ठेवली. ताईंनी ती उचलली, तिच्यातलं पाणी आपल्या रांजणात ओतलं आणि रिकामी घागर तिच्या हातात परत दिली. "पाणी कमी हाय मावशी, भांडी कशाला वाढवायची?" त्या दिवसापासून आम्ही एकाच रांजणातलं पाणी प्यायलो. ही गोष्ट मी आधीच सांगते, कारण पुढं जे झालं त्यात मी कुणाशी कशी वागले हे कळायला पाहिजे.

कचेरीत दोन टेबलं. एक माझं, दुसरं हेडक्लार्कचं. त्यांना सगळी शाळा बडेबाबू म्हणायची. त्यांचं पहिलं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूत झालेलं, त्यामुळं अर्जाला ते अजून दरखास्त म्हणत आणि सहीला दस्तखत. अक्षर मात्र मराठीतलंच सुंदर, छापल्यासारखं. त्यांना रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती आणि त्यांच्या सेवापुस्तकात कुणाच्या एका ओळीचाही ठपका नव्हता. माणूस वाईट नव्हता, पण एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारलं की चष्म्यावरून नुसतं बघायचे. त्या बघण्याला मी फार घाबरायची. म्हणून न कळलेल्या गोष्टीलाही हो म्हणायची सवय मला लागली.

त्याच सुमारास लातूर उस्मानाबादपासून वेगळं होऊन स्वतंत्र जिल्हा झालं. गावात फटाके वाजले, शाळेला सुट्टी मिळाली. पण कचेरीत शाळेच्या नावाचे छापील कागद जुनेच होते. त्यांच्यावर जि. उस्मानाबाद असं होतं. ते खोडून वर लातूर लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी गठ्ठेच्या गठ्ठे खोडले. पट्टी लावून एक रेघ, वर लातूर. पुढचा कागद. महिनाभर माझ्या हाताला तेवढंच येत होतं.

ताईंची नेमणूक तात्पुरती होती. शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता आली की नोकरी पक्की होणार होती. त्यासाठी शाळेकडून एक प्रस्ताव जायचा होता. सोबत ताईंची मूळ प्रमाणपत्रं पडताळणीसाठी मागवली होती, पदवीचं आणि बी.एड.चं. ताईंनी ती वहीच्या पुठ्ठ्यात घालून आणून दिली. बडेबाबूंनी प्रस्ताव तयार केला, हेडमास्तरांची सही घेतली.

तो टँकरचा दिवस होता. शाळेची विहीर आटलेली, आणि गावात टँकर आला की अर्धे वर्ग रिकामे व्हायचे. आमचे शिपाईमामा पोरींना रांगेत उभं करायला गेले होते. तेवढ्यात बडेबाबूंच्या गावाकडून निरोप आला की आई अत्यवस्थ आहे. त्यांनी घाईघाईनं कपाट लावलं, छत्री घेतली, कागद माझ्या टेबलावर ठेवले आणि दारातूनच म्हणाले, "हे आज जिल्ह्याला गेलं पायजे. बाईंचे मूळ कागद हायत आत, संभाळून."

मी म्हणाले, "हो."

ते गेले. मी पाकीट बांधलं, दोरा गुंडाळला, लाख लावली आणि वर लिहिलं, मा. शिक्षणाधिकारी, लातूर. जावक नोंदवहीत ओळ लिहिली, पण तिथं गावाचं नाव टाकायचं राहून गेलं, नुसतंच मा. शिक्षणाधिकारी. मी पोस्टात पोचले तेव्हा रजिस्टरची वेळ संपलेली होती. आज गेलं पाहिजे एवढंच डोक्यात होतं. मी पुरेशी तिकिटं लावली आणि पाकीट पेटीत टाकलं. संध्याकाळी खोलीवर आल्यावर सांगितलं, "ताई, तुमचं पाकीट गेलं." त्यांनी गूळ काढून माझ्या हातावर ठेवला.

दोन महिने कुणीच चौकशी केली नाही. बडेबाबूंची आई गेली, त्यांचे दिवस झाले, ते परत रुजू झाले. मग उस्मानाबादहून पत्र आलं. आपल्या शाळेकडून प्रस्ताव प्राप्त झालेला नाही, मुदत संपली आहे, सदर पदावर अतिरिक्त शिक्षक देण्याचा विचार चालू आहे. म्हणजे दुसऱ्या शाळेत जादा ठरलेला शिक्षक ताईंच्या जागी येणार होता.

हेडमास्तरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं.

"प्रस्ताव गेला का नाही?"

"गेला साहेब," बडेबाबू म्हणाले. "मी स्वतः यांच्याकडं दिला. जिल्ह्याला पाठवा म्हणून बजावलं."

ते पत्र टेबलावर उघडंच होतं, त्याच्यावरचा शिक्का मला उलटा दिसत होता. उस्मानाबाद. जिल्हा वेगळा व्हायच्या आधीच्या, ताईंसारख्या नेमणुका जुन्याच कचेरीनं निकालात काढायच्या, असं एक परिपत्रक आलेलं होतं. ते बडेबाबूंनी वाचलं होतं आणि फाईलला लावलं होतं. माझ्या नजरेखालून ते गेलंच नव्हतं. आणि परिपत्रक नसतं तरी, तीस वर्षं ज्या माणसानं जिल्हा म्हटलं की उस्मानाबादची गाडी पकडली, त्याच्या तोंडात त्या शब्दाचा दुसरा अर्थ कुठून येणार? मला हे सगळं तिथंच, उभ्याउभ्या कळलं.

"पाठवला सर," मी म्हणाले.

"कुठं?"

"जिल्ह्याला."

ते खोटं नव्हतं. पण ते म्हणताना माझी मान खाली होती.

"रजिस्टरची पावती?"

"साध्या टपालानं गेलं सर. पोस्टाची वेळ झाली होती."

हेडमास्तर बडेबाबूंकडं वळले. "मूळ कागद, आणि साध्या टपालानं?"

"मी रजिस्टर म्हणालो होतो," बडेबाबू म्हणाले.

"न्हाई म्हणालात," मी म्हणाले. माझ्या तोंडून गावचीच बोली निघाली. "रजिस्टरचं तुम्ही कायच न्हाई म्हणालात."

"म्हणालो होतो!"

"न्हाई!"

हेडमास्तरांनी हात वर केला. "मधल्या सुट्टीनंतर जावक नोंदवही घेऊन या. बघतो मी."

मधल्या सुट्टीत बडेबाबू डबा घेऊन लिंबाखाली गेले. कचेरीत मी एकटीच होते. मी नोंदवही उघडली. त्या ओळीपुढं दोन बोटं जागा कोरी होती. मी पेन घेतलं आणि तिथं उस्मानाबाद लिहिलं.

का लिहिलं, याची उत्तरं मी पुढं पुष्कळ वर्षं स्वतःला देत राहिले. माझी परिविक्षा चालू होती, नोकरी अजून पक्की नव्हती. शिक्षकांच्या खोलीत एकजण मागंच म्हणाले होते की यांना खुर्च्या दिल्या तरी बसता कुठं येतं. ते मी कानानं ऐकलं होतं. माझी चूक एकटीची राहणार नव्हती, आमच्या सगळ्यांची होणार होती, ही भीती खरी होती. पण त्या भीतीपायी मी जिला पुढं ढकललं ती बाई त्या बोलणाऱ्यांतली नव्हती. सगळ्या गावात एकटी तीच त्यांच्यातली नव्हती.

सुट्टीनंतर हेडमास्तरांनी नोंदवही बघितली आणि बडेबाबूंपुढं सरकवली. बडेबाबू ती घेऊन खिडकीशी गेले. त्या शब्दावरून त्यांनी अंगठा फिरवला. शाई ताजी होती, निळी. आधीची ओळ दोन महिन्यांत काळपट पडलेली. तीस वर्षं शाईत काढलेल्या माणसाला ते सांगायला नको होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, चष्म्यावरून नाही, चष्म्यातूनच. आणि नोंदवही मिटली.

"बरोबर हाय साहेब," ते म्हणाले. "उस्मानाबादलाच गेलंय."

चारच दिवसांत त्यांना लेखी ज्ञापन मिळालं. महत्त्वाची मूळ कागदपत्रं रजिस्टर टपालानं पाठवण्याची दक्षता न घेतल्याबद्दल खुलासा करावा. ते मीच टाईप केलं. कचेरीत दुसरं कुणी टाईप करणारं नव्हतं.

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. दोन टेबलांत हातभर अंतर, पण आम्ही एकमेकांना चिठ्ठ्या लिहायचो आणि शिपाईमामा त्या इकडून उचलून तिकडं ठेवायचे. चिठ्ठीत लिहिलेलं असायचं, नववी अ ची हजेरी द्यावी. शिक्षकांत दोन तट पडले. काहीजण म्हणत म्हाताऱ्याला आता कामाचं भान राहत नाही, काहीजण दोष मला देत. दोन्ही बाजूंना पाकीट टपालात हरवलं यात मात्र शंका नव्हती. त्यामुळं लातूरला कुणी शोधलंच नाही.

खोलीवर ताई दुय्यम प्रतींसाठी अर्ज लिहीत बसायच्या. एकदा कागदावरून मान वर करून म्हणाल्या, "तू जेवत का न्हाईस? टपालात गहाळ झालं, त्याला तू काय करशील? बडेबाबू तुला उगंच बोलले."

मी म्हणाले, "पोस्टात परत एकदा चौकशी करू या, ताई."

आम्ही गेलोही. पोस्टमास्तरांनी माझ्यादेखत पेटी काढल्याच्या वेळा तपासल्या. मी काऊंटरशी उभी राहून ताईंच्या बरोबर प्रश्न विचारत होते.

बडेबाबू या काळात तीनदा उस्मानाबादला जाऊन आले. वहीत राहिलेलं गावाचं नाव मी मागाहून भरलं एवढंच त्यांनी धरलं असावं, पाकीट दुसरीकडं गेलं असेल हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. दुष्काळाचं ऊन, गाड्या गच्च, जायला निम्मा दिवस. तिसऱ्या खेपेहून आले ते थेट कचेरीत. चेहरा रापलेला, ओठ फुटलेले. त्यांनी शिपाईमामांना पाठवून ताईंना वर्गातून बोलावून घेतलं आणि स्वतः उभे राहिले.

"बाई, तिथली आवक मी पान न् पान बघितली. न्हाई आलं पाकीट. माझी चूक हाय. पोर नवी हाय, मी दारातनं सांगून निघून गेलो. बसून सांगायला पायजे होतं. खुलाशात मी तसंच लिहितो. तुमचं नुकसान माझ्यामुळं झालं."

ताई म्हणाल्या, "असं नका म्हणू, बडेबाबू. तुमची आई तिकडं..." आणि वर्गाकडं वळल्या.

मी माझ्या टेबलाशी बसून होते. बडेबाबूंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी त्या शाईबद्दल एक शब्द काढला असता तर मी भांडले असते, नाकबूल केलं असतं. त्यांनी काढला नाही.

त्या दिवशी दिवेलागणीच्या आधी ताई भाकरी करत होत्या. मी दाराशी उभी राहिले, आणि तिथूनच म्हणाले, "ताई, पाकीट लातूरला गेलंय."

त्यांचा हात परातीत थांबला. "कुणी सांगितलं?"

"मीच लातूर लिहिलं होतं. वहीत उस्मानाबाद नंतर घातलं."

"कधी कळलं तुला?"

"पत्र आलं त्याच दिवशी."

त्यांनी दिवस मोजले असावेत. ओठ हलले. तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती त्यांनी काढली, चूल विझवली, हात धुतले. मला वाटलं आता त्या ओरडतील. मला ते हवंही होतं. त्या म्हणाल्या, "सकाळी पहिल्या गाडीनं जायचं," आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या.

लातूरची नवी कचेरी अजून बसत होती. व्हरांड्यात बांधलेली पोती, भिंतीशी लागलेली कपाटं. तिथल्या कारकुनानं आमचं म्हणणं ऐकलं आणि कोपऱ्यातला एक गठ्ठा सोडला. चुकून इथं आलेले, जुन्या जिल्ह्याचे कागद त्यांनी वेगळे बांधून ठेवले होते, तारखेवार. पाकीट त्यातच होतं. पत्त्यावर माझं अक्षर. ताईंनी पुठ्ठा उघडून दोन्ही प्रमाणपत्रं उजेडात धरून बघितली, घडीवरून हात फिरवला, कारकुनाचे आभार मानले. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "तू शाळेत जा. मी तशीच उस्मानाबादला जाते."

"मी येते ना ताई."

"नको."

मी शाळेत गेले. हेडमास्तरांच्या खोलीत बडेबाबू होतेच. मी दोघांसमोर सगळं सांगितलं, नोंदवहीचंही. हेडमास्तरांनी एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "लिहून द्या." मी पानभर लिहिलं. बडेबाबूंनी तो कागद वाचायला मागितला. वाचून म्हणाले, "यात माझंबी एक वाक्य पायजे. मी गावाचं नाव सांगितलं नव्हतं." मग कागद खाली ठेवून, "आन रजिस्टरबी मी म्हणालो नव्हतो. मला आपलं वाटत होतं की म्हणालो. लई आठवून बघितलं. जिल्हा आन संभाळून, एवढंच म्हणालो मी."

त्यांनी माझ्या मजकुराखाली आपल्या त्या छापील अक्षरात ते लिहिलं आणि दस्तखत केली.

ताई दुसऱ्या दिवशी दुपारी परतल्या. उस्मानाबादच्या साहेबांनी त्यांना बसवून ऐकून घेतलं होतं, कागदही बघितले होते. पण त्या पदावर अतिरिक्त शिक्षकाचा आदेश निघाला होता. तो निघून आठ दिवस झाले होते.

मी तीन आठवडे गप्प होते.

बडेबाबूंवरचं ज्ञापन मागं घेतलं गेलं. माझ्या सेवापुस्तकात लाल शाईनं ठपका आला, परिविक्षा वर्षभरानं वाढली. पण नोकरी राहिली. जी जाईल म्हणून मी ते केलं होतं ती गेली नाही. गेली ती ताईंची. सत्र संपेपर्यंत त्या शिकवत राहिल्या. त्यांनी मला खोली सोडायला सांगितली नाही, पण आमच्यात कामापुरतं बोलणं उरलं. टँकर आला, रॉकेल संपलं, असं. शेवटच्या दिवशी मी त्यांची ट्रंक एका बाजूनं धरून स्टँडवर नेली. गाडीत बसल्यावर त्या खिडकीतून म्हणाल्या, "घरमालकिणीला मी सांगितलंय. खोली तुझ्याच नावावर राहील." गाडी हलली. मी नुसती मान हलवली.

बडेबाबू आणि मी पुन्हा बोलायला लागलो. ते रिटायर होईपर्यंत त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. फक्त काही सांगायचं असलं की खुर्ची माझ्या टेबलाशी ओढून बसायचे आणि सांगून झालं की म्हणायचे, "आता तू मला सांग, मी काय म्हणालो ते."

ताईंना दीड वर्षानं नोकरी लागली, इस्लापूरच्या बाजूला. मधलं दीड वर्ष त्या घरी शेतावर होत्या असं मला दुसऱ्यांकडून कळलं. आणखी दोन वर्षांनी किनवटला नात्यातलं लग्न होतं. तिथून मी त्यांच्या शाळेत गेले. त्या वाळल्या होत्या, चष्मा लागला होता. त्यांनी चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली, बडेबाबू कसे आहेत विचारलं. मग मी जे पाठ करून गेले होते ते कसंबसं बोलले.

त्यांनी ऐकून घेतलं. कप बाजूला ठेवला.

"पाकीट चुकलं त्याचं मला कायच न्हाई गं," त्या म्हणाल्या. "कुणाचंबी चुकलं असतं. पण तू माझ्यासंगं पोस्टात आलीस. त्या माणसाला प्रश्न विचारत होतीस. ते मला अजून कळत न्हाई."

"मलाही नाही कळत, ताई."

"हं," त्या म्हणाल्या. त्यांनी घड्याळ बघितलं. "नववीचा तास हाय माझा. बसायचं तर बस."

मी बसले. पलीकडच्या वर्गातून त्यांचा आवाज येत होता. प्रकाशाचं परावर्तन शिकवत होत्या, एका मुलाला फळ्यावर बोलावून किरण काढायला लावत होत्या, तो चुकला की पुन्हा काढायला लावत होत्या. तास संपल्यावर त्या मला स्टँडपर्यंत सोडायला आल्या. वाटेत त्या पोरांबद्दल बोलल्या, तांड्यावरून किती लांबून चालत येतात, पावसाळ्यात नाला आडवा आला की कशी थांबतात. मी ऐकत होते. गाडी आली तेव्हा म्हणाल्या, "पत्र टाकत जा."

मी टाकते. कधी उत्तर येतं, कधी येत नाही.